पंखावरच्या दोन थापा

बटण दाबण्याआधी आत माणूस नाही ना, हे तुमच्या कारखान्यात कोण बघतं?

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. वडील कामगार संघटनेची पत्रकं वाटायचे, मी त्यांच्या घड्या घालायचो... अशा घरात भूत शिरणार कुठून!

मी जेद्द्यात हायड्रॉलिक मेकॅनिक आहे. खोली अल अझीझियात, वर्कशॉप शहराबाहेर. गेल्या उन्हाळ्यात आमच्या कफीलानं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सौदी मालकानं, प्रदर्शनासाठी एक जुनं विमान आणलं – जहाजावरून उडणाऱ्या अगदी सुरुवातीच्या जेट लढाऊ विमानांपैकी. जेट तेव्हा नवं, जहाजावर जागा तोकडी. म्हणून शेपटीला उतरताना दोर पकडणारा आकडा, चाकांचे पाय दणकट, आणि लिफ्टमध्ये मावावेत म्हणून पंख वर दुमडणारे. हे सगळं लोक प्रयोग करत, माणसं गमावत शिकले. त्यात गेलेल्या फिटरांची नावं कुठल्या पाटीवर असतात?

आमच्यातले सलीमचाचा दापोलीचे, आधी मुंबईच्या गोदीत होते. त्यांनीच मला सवय लावली, "मशीन हलवायच्या आधी पत्र्यावर दोन थापा मार, नि थांब. आत कोण असेल तर तो दोन थापा देतो. ओरडलेलं बाहेर ऐकू येत नाय रे."

त्या दुपारी पंख उघडायची टेस्ट होती. मी थापा मारल्या. वडिलांच्या संघटनेवरून मला चिडवणारा फोरमन हसला, "अरे नेताजी, जहाज को सलाम हो गया? यल्ला, चलो!"

उत्तर आलं नाही. मी लिव्हरला हात घातला...

आणि पंखाच्या आतून दोन थापा आल्या. स्पष्ट. फोरमनचं हसू तिथंच थांबलं.

पंख दुमडतो त्या सांध्यावर धूळ बसू नये म्हणून ताडपत्री टाकली होती. ती ओढली, तर आत सलीमचाचा! ग्रीस लावायला गेले होते, उकाड्यानं बेशुद्ध पडलेले, दोन्ही हात अंगाखाली दबलेले. पंख खाली आला असता, तर...

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मी विचारलं, "चाचा, थापा कशा मारल्यात?"

"मी? मला तुझ्यापण ऐकू आल्या नाहीत."

पत्रा तापून वाजला म्हणावं, तर तसा तो आधी कधी वाजला नव्हता, नंतरही नाही. फोरमननंही ऐकलं होतं.

सलीमचाचा कामावर परतले, तेव्हा विमानाशी फोरमन उभा होता. त्यानं स्वतः दोन थापा मारल्या आणि आम्हा सगळ्यांना गप्प बसवून कान लावला. आता तिथं कुणी हसत नाही.

माझं म्हणणं पटो न पटो, उद्या मशीन सुरू करण्याआधी दोन थापा मारा. आणि थांबा... उत्तर ऐकायला.