करड्या समुद्रकाकडीचे नाव

सांगलीत कृष्णेच्या काठी अनंतशास्त्री थिटे यांचे घर अग्निहोत्र्याचे घर म्हणून ओळखले जाई. अशा घरातला धाकटा भाऊ बेडूक चिरण्याच्या विद्येवर पोट भरतो, याचे गावाला नवल वाटे. खुद्द अनंतशास्त्र्यांना मात्र ते कधी वाटले नाही. मंडळी मूळची वाईची. इन्फ्लुएन्झाच्या साथीत आईवडील पाठोपाठ गेले, तेव्हा धाकटा चिंतामण शाळेत होता. अनंतशास्त्र्यांना घरात अण्णा म्हणत. अण्णांनी भावाला वेदपाठशाळेत न बसवता पुण्याला इंग्रजी शिकायला धाडले आणि स्वतः यजमानांकडून मिळालेल्या धोतरजोडीवर वर्षे काढली. "ज्याची बुद्धी जिकडे धावते तिकडे तिला जाऊ द्यावं," एवढेच ते म्हणाले. चिंतामणरावांच्या अंतःकरणात पित्याचे स्थान तेव्हापासून या भावाला होते.

गावाबाहेरच्या कॉलेजात चिंतामणराव प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. विद्यार्थ्यांना बेडूक उकलून दाखवणे हे त्यांचे पोटाचे काम. पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्रकाकड्यांच्या जाती नव्याने लावणे हे जन्माचे काम.

समुद्रकाकडी हा प्राणी आहे, फळ नव्हे. ना डोके ना डोळा. ओहोटीनंतर खडकाच्या खळग्यात पडून राहिलेली लिबलिबीत गुंडाळीच ती. बरणीत घातली की आकसते, रंग उडतो, आणि भिन्न जातीच्या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या दिसू लागतात. मागच्या शंभर वर्षांत निरनिराळ्या साहेबांनी एकाच प्राण्याला चार नावे दिलेली आणि चार प्राण्यांना मिळून एकच. हा गुंता बाह्य रूपावर विसंबून सुटत नाही. या प्राण्याच्या कातडीत डोळ्यांना न दिसणारे चुन्याचे कण असतात. कातडीचा तुकडा तीव्र विरंजक पाण्यात टाकला की मांस विरून जाते आणि ते कण पांढऱ्या धुळीसारखे तळाशी उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहणाऱ्याने स्तब्ध व्हावे: कुठे सच्छिद्र गुंड्या, तर कुठे चार खांबांचा मनोरा पाठीवर घेतलेले चिमुकले चौरंग. प्रत्येक जातीचा चौरंग निराळा. देह फसवतो, लक्षण त्या चुन्यात असते, असे चिंतामणराव विद्यार्थ्यांना सांगत.

एका उन्हाळ्यात रत्नागिरीच्या दक्षिणेस, पूर्णगडच्या खाडीच्या मुखाशी त्यांना तीन करड्या समुद्रकाकड्या सापडल्या. तेथे जागोजागी पडलेल्या काळ्या जातीहून यांच्या पाठीतले चौरंग वेगळे वाटत होते. ही नवी जात ठरली तर तिला अण्णांचे नाव द्यावे, असा त्यांनी संकल्प केला. परंतु करडी म्हणजे काळीचेच कोवळे वयही असू शकेल. पोटाच्या कातडीतले चौरंग पाहिल्यावाचून निर्णय देणे अधर्म झाला असता. ते इतके सूक्ष्म, की कॉलेजच्या जुन्या भिंगातून नुसते ठिपके दिसत. नवे भिंग जर्मनीहून यायचे, तोच युद्ध पेटले. बाकीच्या जाती लावून झाल्या. करडीचा निर्णय तेवढा राहिला.

एकदा जेवताना त्यांनी संकल्प बोलून दाखवला.

"म्हणजे समुद्रातल्या अळीला अनंत म्हणायचं?" अण्णांनी विचारले.

"अळी नव्हे, अण्णा. आणि म्हणायचं लॅटिनमध्ये."

"लॅटिनमध्ये का होईना. आम्हांला मूल नाही, चिंतू. नाव चालवायला अळी तर अळी."

चिंतामणरावांची पत्नी उमाबाई वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "घरात कोशिंबिरीला काकडी नाही, आणि समुद्रातल्या काकड्यांची बारशी चाललीत."

अण्णा मनापासून हसले. पण त्या दिवसापासून ते अधूनमधून विचारू लागले, "आमच्या करडीचं कुठवर आलं?"

बेचाळीसच्या ऑगस्टात कॉलेज बेमुदत बंद झाले. आवारात पोलीस उतरले, खोल्या रिकाम्या करण्याचा हुकूम निघाला. चिंतामणरावांनी आपल्या बरण्या पेंढ्यात बसवून बैलगाडीने घरी आणल्या. दारात उतरवताना गाडीवान ज्ञानूने एक बरणी उन्हात धरली.

"आवं मास्तर, ह्ये लोनचं कशाचं म्हनायचं?"

"लोणचं नव्हे रे. समुद्रातले जीव आहेत, स्पिरिटात ठेवलेले."

"म्हंजी दारूत?" ज्ञानूने जीभ चावली आणि मग हसला. "लय भाग्याचं जीव हायत. आमास्नी थेंब गावंना झालाय."

ओटीवर बसलेल्या अण्णांच्या कानावर हे पडले. सायंकाळचा होम आटोपल्यावर त्यांनी भावाला जवळ बोलावले.

"चिंतू, मांस ठेव माळ्यावर. त्याचं प्रायश्चित्त मी घेईन. पण अग्नीच्या छपराखाली सुरा नको."

"ती पिण्याची नव्हे, अण्णा. विषारी असते."

"विष असेल तर राहू दे. सुरा असेल तर नको. काय आहे ते तूच सांग."

चिंतामणरावांना असत्य बोलवेना. शास्त्रतः तो मद्यसारच होता.

"दुसऱ्या कशात नाहीत का राहत ते जीव?" अण्णांच्या स्वरात आज्ञा नव्हती, विनवणी होती, आणि विनवणी मोडणे अधिक कठीण असते.

"फॉर्मालिनमध्ये राहतात."

"मग झालं तर."

फॉर्मालिन आंबट, आणि आंबटाचे व चुन्याचे हाडवैर, हे चिंतामणरावांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी त्यात टाकणखार घातला, लिटमसच्या कागदाने आंबटपणा गेल्याची खात्री केली आणि मग बरण्यांची तोंडे मेणाने बंद केली. काढलेले स्पिरिट गावातल्या दवाखान्याला देऊन टाकले.

पुढे कॉलेज उघडले, पण डेमॉन्स्ट्रेटरची जागा उघडली नाही. चिंतामणरावांनी साताऱ्यास शाळामास्तरकी धरली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी भाड्याच्या खोलीत बसून ते जातीनिर्णयाचा प्रबंध लिहीत. सुटीत सांगलीस आले की माळ्यावर चढत आणि एकेक बरणी उजेडात धरत. प्राणी स्पिरिटात होते त्याहून टवटवीत, भरीव दिसत. मेण फोडावे असे त्यांना कधी वाटले नाही. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात फॉर्मालिन पुन्हा पुन्हा आंबट होत राहते, एकदा घातलेला खार त्याला जन्मभर पुरत नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली नव्हती.

शेहेचाळीस साली कॉलेजने त्यांना परत बोलावले. नवे भिंगही आले होते. त्यांनी करडीच्या पोटाची चिमूटभर कातडी कापून विरंजक पाण्यात टाकली. मांस विरले. पाणी निवळले. तळाशी काहीच नव्हते.

त्यांनी दुसरी करडी घेतली, मग तिसरी. मग काळी, मग एकेक करून सगळ्या बरण्यांतल्या. लिटमसचा कागद जिथे बुडवला तिथे लाल झाला. देह सारे जसेच्या तसे होते. ज्यावरून त्यांची ओळख पटावी ते मात्र एकातही उरले नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी उमाबाईंना सांगितले.

"पाठीतल्या चौरंगांची चित्रं आहेत ना तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या. "पोटाचेही तसेच निराळे होते, असं लिहून टाका. चार वर्षं त्या माळ्यावर तुमच्याशिवाय कोण चढलंय?"

"कुणी नाही."

"मग?"

"मी पाहिलेलं नाही, उमा. जे पाहिलं नाही ते कसं लिहू?"

"निदान अण्णांना तरी सांगा. त्यांच्या हट्टापायी झालं हे."

"त्यांना सांगायचं नाही," चिंतामणराव म्हणाले. "खार मी घातला. मेण मी लावलं."

लागोपाठ दोन उन्हाळे ते पूर्णगडास गेले. धारदार शिंपल्यांनी पावले फाटेपर्यंत खळगे धुंडाळले. काळ्या मुबलक होत्या. करडी एकही मिळाली नाही. परतल्यावर त्यांनी प्रबंध छापायला दिला. करडीची नोंद अखेरीस संदिग्ध प्राण्यांत गेली, आणि लक्षणे नष्ट झाल्याने निर्णय अशक्य, एवढेच तिच्यापुढे लिहिले. नाव दिले नाही.

छापील प्रत आली तेव्हा अण्णांना अर्धांगवायू होऊन महिना लोटला होता. त्यांनी डाव्या हाताने पाने चाचपली.

"माझं नाव कुठंय?"

"नाही दिलं, अण्णा. नमुने खराब झाले."

"कशानं?"

"माझ्या निष्काळजीपणानं."

अण्णांनी प्रत खाली ठेवली. "तुला मी असं वाढवलं नव्हतं, चिंतू."

त्यानंतर समाचाराला येणाऱ्यांना अण्णा अडखळत्या जिभेने सांगत, "आमचा चिंतू विद्वान, पण हाताचा ढिला. एक काम सांगितलं होतं, तेवढं नासवलं." उमाबाई स्वयंपाकघरातून तडक बाहेर येऊ पाहत आणि दाराशी उभे असलेले चिंतामणराव त्यांना नजरेने थोपवीत. असे एक वर्ष चालले. एकोणपन्नासच्या थंडीत अण्णा गेले.

दहाव्या दिवशी घाटावर पिंड मांडले. कावळे पिंपळावर बसून होते; एकही खाली येईना. सकाळचे कोवळे ऊन वाळवंटात पसरले तशी मंडळी कुजबुजू लागली. अण्णांच्या मागे वहिनींचा सांभाळ करीन, असे चिंतामणरावांनी कबूल केले. अग्नीची व्यवस्था शास्त्राप्रमाणे होईल, असे कबूल केले. कावळा हलला नाही.

क्रिया चालवणारे गुरुजी अण्णांच्या समाचाराला अनेकदा येऊन गेले होते. ते जवळ येऊन हलकेच म्हणाले, "त्यांच्या नावाचं काही छापायचं राहिलं होतं ना? छापीन म्हणा. म्हणायला काय जातंय?"

चिंतामणरावांनी हात जोडले. मंडळी वाट पाहत राहिली. गुरुजींनी पुन्हा एकदा विचारले. चिंतामणरावांनी नकारार्थी मान हलवली आणि पाण्याकडे पाहत तसेच उभे राहिले.

अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि ऊन चढायच्या आत मंडळी घाटाच्या पायऱ्या चढू लागली.