बर्नीच्या छातीवरचा स्टिकर

बर्नी शिमकुसने स्वतःच्या जिवलग मित्राविरुद्ध मत टाकलं, असं आमच्या टेकडीवर अजून बोललं जातं. खोटं आहे. इथल्या बहुतेक अफवा माझ्याच व्हरांड्यातून निघतात, त्यामुळे खरं-खोटं मला कळतं. बर्नीला त्या दिवशी कुठल्याच उमेदवाराला मत टाकता आलं नाही.

त्याच्या बापाला खाणीतल्या कामासाठी पक्षाच्या पुढाऱ्याचे उंबरे झिजवावे लागत. ते बघून बर्नीने ठरवलं, आपण कुणाचा बिल्ला लावायचा नाही. खाणी बंद पडल्या, पुढारी मेले, बर्नी बिनपक्षाचाच राहिला. शाळेची बस चालवली, बायकोला माती दिली, कुंपणावरून माझ्या टोमॅटोंना नावं ठेवली. नोव्हेंबरात मत द्यायचा. पण मे महिन्यात पक्ष आपापले उमेदवार निवडतात, तेव्हा घरी बसून हसायचा. इथे पेनसिल्व्हेनियात ती निवड फक्त पक्षात नाव नोंदवलेल्यांची. त्यात आमच्या गावात दुसऱ्या पक्षाला उमेदवारच मिळत नाही. मे महिन्यात जिंकला तो जिंकलाच.

अशात त्याचा बालमित्र एमलिन प्रोबर्ट गावचा कारभारी व्हायला उभा राहिला. जुन्या खाणीच्या खड्ड्यात बाहेरचा कचरा येऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. नोंदणीची मुदत संपायच्या आत तो पक्षात नाव घालायचा कागद घेऊन बर्नीकडे आला आणि कागद-पेन त्याच्या हातात दिलं. मी कपडे वाळत घालत होते, म्हणजे ऐकत होते.

"सही कर रे. मत देऊन झालं की जा परत बाहेर."

"एमल्या, तुझ्या पाट्या ठोकतो, म्हाताऱ्यांना गाडीतून नेतो. पक्ष नको."

"मला पाट्या नकोत, तुझं मत हवंय."

"तू असाही निवडून येतोयस. नाटकं करू नकोस."

एमलिनने कागद परत घेतला आणि घडी करून खिशात घातला.

मतदानाच्या दिवशी बर्नीने खरोखरच अख्खी टेकडी गाडीतून वाहिली. शेवटच्या म्हातारीला घेऊन अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शिरला, तर मतदानाच्या टेबलामागे त्याची वर्गमैत्रीण गर्टी.

"बर्न्या, पक्षाची मतपत्रिका तुला नाही मिळायची. वाचनालयासाठी कर लावायचा का, ह्यावरचं मत मात्र सगळ्यांना देता येतं. देतोस?"

"दे."

वाचनालयाला हो म्हणून आला. गर्टीने त्याच्या छातीवर 'मी मत दिलं'चा स्टिकर चिकटवला. गावाने तेवढाच पाहिला.

एमलिन बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी पडला. त्या संध्याकाळी त्यानेही स्टिकर पाहिला.

"कुणाला दिलंस?"

"वाचनालयाला."

बर्नीच्या बोलण्यावर एमलिन हसला नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पानगळीत घर विकून तो लेकीकडे कॅरोलिनात गेला. आता कचऱ्याचे ट्रक येतात आणि आम्ही खिडक्या लावून बसतो.

यंदा बर्नीने गुपचूप पक्षात नाव घातलं. मत देऊन आला, तर हॉलबाहेर नेहमीचाच वाद पेटलेला: बिनपक्षाच्यांना मे महिन्यात मत देऊ द्यावं की नाही. पक्षाची डोलोरेस म्हणत होती, "ज्यांनी आमच्या जेवणावळीची भांडी कधी घासली नाहीत, त्यांनी वाढपी कोण ते ठरवायचं नाही." गर्टीचा नवरा म्हणाला, "ह्या निवडणुकीचा खर्च आमच्याही करातून होतो बाई, दार उघडा!"

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो बर्नी, दार उघडं असतं तर एमलिन आज इथंच असता, नाही का?"

बर्नीने छातीवरचा स्टिकर सोलून काढला.

"दाराचं तुम्ही बघा, लोर्ना. माझ्या हातात कागद होता. पेनसुद्धा त्याचंच होतं."