वाटूरच्या ताईंचा प्रोसेसर

जालन्यात मस्तगडच्या एका गल्लीत माझं कॉम्प्युटर जुळवून द्यायचं दुकान आहे. लोक मला सर म्हणतात. मी कुठल्या शाळेत कधी शिकवलं नाही, पण कॉम्प्युटरवाल्याला सर म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे आणि ऐकून ऐकून माणसाला ते खरं वाटायला लागतं. पुढं जे झालं ते त्या खरं वाटण्यातूनच झालं, म्हणून आधी सांगतो.

वाटूरचे एक नवरा-बायको आले होते. तो लग्नांचं शूटिंग घ्यायचा. शूटिंग झालं की कॅमेऱ्याचं कार्ड जालन्यात एकाकडे मिक्सिंगला द्यायचा. तुकडे जोडणं, गाणी टाकणं, नावं फिरवणं, हे सगळं तो मिक्सिंगवाला करून द्यायचा. आता हे काम बायको घरी करणार होती. मोबाइलवर शिकली होती. एका हळदीच्या शूटिंगचा तुकडा तिनं मला दाखवला. ढोलाच्या ठोक्याला बरोबर चित्र बदलत होतं. मी नुसतं "छान" म्हणालो. खरं तर जालन्यात त्या वेळी इतकं नेटकं काम करणारे दोघं-तिघंच असतील.

बजेट बेताचं होतं. तिनं यूट्यूबवर बघून वहीत यादी लिहून आणली होती. ती मी हातातसुद्धा घेतली नाही. माझी यादी सुरू केली. रॅम सोळा जीबी, एक एसएसडी, जुनी लग्नं ठेवायला मोठी हार्डडिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि आत लाइट लागणारा काचेचा कॅबिनेट. कॅबिनेट नवऱ्याला फार आवडला. घरी पार्टी आली तर बघत राहील, असं मीच त्याला म्हणालो. मग त्या काचेपायी प्रोसेसर हलका घ्यावा लागला. तसा एक माझ्या कपाटात कित्येक महिने पडून होता, कोणीतरी मागवून न नेलेला. त्याच्या आत स्वतःचं ग्राफिक्स नव्हतं.

तिनं वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"भाऊ, ह्याच्यात आतलं ग्राफिक्स न्हाई ना? आमच्या नव्या कॅमेऱ्याच्या फायली लई जड असतेत. त्याला आतलं लागतं म्हणतेत."

मी हसलो. तिच्याकडे बघून नाही, नवऱ्याकडे बघून हसलो.

"ताई, वेगळं कार्ड टाकून राह्यलो ना मी. दारात बोअर असल्यावर टँकर कशाला बोलवता?"

नवरा मोठ्यानं हसला. तिनं वही मिटून पिशवीत ठेवली.

मशीन गेल्यावर आठ-दहा दिवसांनी जालन्यातलाच एक स्टुडिओवाला आला. त्याचा कॅमेरा तसाच होता, ग्राफिक्स कार्ड तेच होतं, फक्त प्रोसेसर आतल्या ग्राफिक्सचा. त्याच्या फायली पाण्यासारख्या चालत होत्या. मला शंका आली. दुकानातल्या दुसऱ्या मशीनला माझ्याकडचा बिनग्राफिक्सचा प्रोसेसर लावला, त्याच फायली टाकल्या. चित्र पाच पावलं चालायचं आणि उभं राहायचं. त्या जातीच्या फायली उलगडणं वेगळ्या कार्डाला येतच नव्हतं. ते काम आतलंच ग्राफिक्स करतं. तिचं म्हणणं बिलकुल बरोबर होतं.

त्याच आठवड्यात दोघं मशीन चादरीत गुंडाळून घेऊन आले. मिक्सिंग करताना अडकतंय म्हणाले. मी कॅबिनेट उघडला, ब्लोअरनं धूळ काढली. नव्या मशीनमध्ये कसली धूळ. मग विंडोजचं काहीतरी अपडेट केल्यासारखं केलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. शेवटी नवऱ्यानं विचारलं, "मशीन तर नवीन हाय. मंग हिलाच जमंना का, सर?"

प्रोसेसर बदलायला अर्धा तास लागला असता. मदरबोर्ड तोच चालला असता. फरकाचे पैसे मी सोसले असते, त्यानं माझं काही बिघडणार नव्हतं. पण बदलायचा म्हणजे का बदलतो ते सांगावं लागलं असतं, आणि ज्याच्याकडे बघून हसलो होतो त्यालाच सांगावं लागलं असतं.

"सवय लागंल हळूहळू," मी म्हणालो. "आधी सगळ्या क्लिपा हलक्या करून घ्यायच्या, ताई. मग काम करायचं."

तिनं तसं केलं. एका लग्नाच्या क्लिपा हलक्या व्हायलाच दीड-दोन दिवस जायचे, त्यात लाइट गेली की परत पहिल्यापासून. एका पार्टीला धोंड्याच्या जेवणाला जावयासमोर व्हिडिओ लावायचा होता. तो वेळेत झाला नाही. ते लोक वाटूरला घरी येऊन बोलून गेले. त्यानंतर कार्डं पुन्हा जालन्याला यायला लागली. हे मला नवऱ्यानंच सांगितलं, पेनड्राइव्ह घ्यायला आला तेव्हा, हसत हसत. "बायकांचं काम न्हाई ते, सर." मीही मान हलवली. तेव्हा कोणी विचारलंसुद्धा नव्हतं मला, तरी हलवली.

दीड वर्ष असंच गेलं. मग एक दिवस त्याचा फोन आला. मशीन पडूनच आहे, परत घेता का. मी म्हणालो, येऊन बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या ग्राफिक्सचा प्रोसेसर बॅगेत टाकून वाटूरला गेलो. मशीनवर जुन्या साडीचं कव्हर होतं. नवरा बाहेर गाडी धूत होता. खोलीत ती एकटीच उभी होती. इथंही माझ्या मनात काय होतं ते सांगितलं पाहिजे. गुपचूप बदलावा, सेटिंगमध्ये गडबड होती म्हणावं आणि चहा पिऊन निघावं.

मी बदलला. तिनं तेच अर्धवट राहिलेलं लग्न उघडलं. चित्र न अडकता चालायला लागलं. एकदा पुढं, एकदा मागं, तिनं फिरवून बघितलं.

"काय केलं, भाऊ?"

माझ्या मुठीत जुना प्रोसेसर होता. मूठ उघडायला मला वेळ लागला.

"प्रोसेसर बदलला. तुम्ही विचारलं होतं ते बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हाच म्हणजे?"

"तुम्ही मशीन चादरीत घेऊन आलात, त्याच्या आधी."

ती रडेल, चिडेल, असं मला वाटलं होतं. ती दाराशी गेली आणि नवऱ्याला आत बोलावलं. तो ओल्या हातानं आला.

"आता सांगा," ती मला म्हणाली. "मी सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई."

मी सांगितलं. दुकानात सराईतपणे बोलणारा माणूस मी, तीन वाक्यांत दोनदा अडखळलो. त्याच्याकडे बघून सांगायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही, काचेच्या कॅबिनेटकडे बघत सांगितलं. त्यानं ओले हात पँटला पुसले. मग म्हणाला, "जाऊ द्या, सर. झालं ते झालं."

"कसं जाऊ द्या?" ती म्हणाली. "परवाच्या लग्नाचं कार्ड कुठंय?"

"ते जालन्याला द्यायचं कबूल केलंय."

"मंग फोन करून न्हाई म्हणा."

त्यानं माझ्याकडे बघितलं, जणू मी काही बोलेन. मी जुना प्रोसेसर बॅगेत टाकला. त्यानं शर्टाच्या खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि फोन घेऊन बाहेर गेला. ती खुर्चीत बसली. मला बसा म्हणालं नाही कोणी.