त्या देशातली नाचण

माझ्या लेकीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. ती तेव्हा न्यूझीलंडमध्ये होती आणि मी आमच्या बेला गावच्या शिवारात वांगी तोडत होते. जावयाचा फोन आला. "आई, बाळ नाही राह्यलं," एवढंच तो बोलला आणि हुंदके द्यायला लागला. मी होते तिथंच मातीत बसले. पलीकडच्या सरीतून हे धावत आले, त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

बाळंतपणाला जायचं म्हणून माझा पासपोर्ट आधीच काढून ठेवला होता. व्हिसासाठी हैदराबादेतून कागद पाठवले. नकार आला. मी परत येईनच याची त्यांना खात्री वाटत नव्हती म्हणे. पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच. माझं घर इथं, नवरा इथं, गाभण म्हैस इथं. त्या मुलखात कायमची राहून मी काय करू बाप्पा? पण हे सांगायचं कोणाला? समोर माणूसच नव्हता.

राहिला तो फोन. आमची सकाळ म्हणजे तिची दुपार. वावरात जाण्याआधी मी व्हिडिओ कॉल लावायची. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलेली दिसायची.

"जेवली का?"

"हो."

"झोप लागली?"

"हो."

 ही माझी पोरगी तेलुगू शाळेत शिकली, हैदराबादेत नर्स झाली आणि न्यूझीलंडच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या गोऱ्या बायांना हसवत न्हाऊ घालायची. आता तिच्या तोंडून एका शब्दाच्या वर निघत नव्हतं. जावई कामावरून मला वेगळा फोन करायचा. "आई, ते खोटं बोलून राह्यली. ते जेवतच नाही. डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत, पण तुमी बोला तिच्याशी."

काय बोलू? देवाची मर्जी, पुन्हा होईल, तू अजून तरणी आहेस, हे सगळं नातेवाइकांनी बोलून झालं होतं. तिनं एकेकाचे फोन उचलणं बंद केलं होतं. पुढचा नंबर माझा, ही भीती घेऊन मी रोज बटण दाबायची.

एका सकाळी अशीच खिडकीशी बसली असताना तिच्या मागून आवाज आला. आधी घंटी वाजल्यासारखा, मग कोणीतरी खाकरल्यासारखा.

"कोण खाकरून राह्यलं तिकडं?" मी विचारलं.

तिनं फोन खिडकीकडे फिरवला. पिवळ्या फुलांच्या झाडावर एक काळं, चकाकतं पाखरू होतं.

"हा तर कोतवाल दिसते."

"नाही आई. तुई म्हणतात याले. फुलातला रस पिते."

"अन् गळ्याशी काय चिकटलं त्याच्या? कापूस?"

तिनं फोन काचेला लावला. खरंच, सरकी काढलेल्या कापसाचे दोन पुंजके गळ्याला टाचावेत तशी दोन पांढरी पिसं होती. "पिसंच होय ते," ती म्हणाली. "सगळ्या तुईंले असतात." कित्येक दिवसांत ती एवढं बोलली नव्हती.

बुडत्याला काडीचा आधार, तसं मी ते पाखरू धरलं. दुसऱ्या दिवसापासून जेवली का, झोपली का विचारणं सोडून दिलं. आज कोण आलं, ते विचारायची. चोच कशी? चालते का उड्या मारते? शेपूट हलवते का? तिला दिसलं नसेल तर म्हणायची, "जरा बाहेर जाऊन पाहून सांग ना मले." ती पायात चपला घालून मागल्या अंगणात जायची. तेवढं ऊन तिच्या अंगाला लागायचं.

असे एकेक पक्षी माझ्या ओळखीचे झाले. आपल्या हरियालाच्या दुप्पट, पांढरी बंडी घातल्यासारख्या छातीचं कबुतर. त्याचं नाव केरेरू. तळ्यावरची जांभळी पाणकोंबडी तर अगदी आपल्यासारखीच, तिथं तिला पुकेको म्हणतात. ह्यांना वाटलं मला येड लागलं. "लेक तिकडं मरून राह्यली अन् तू पाखरं इचारत बसली," ते एकदा चिडून म्हणाले.  माझ्याजवळ दुसरं होतंच काय?

मग ती सकाळ आली. तिनं फोन उचलला तेव्हा केस मोकळे, डोळे सुजलेले.

"आई, ते पुन्हा घरात आलं."

"काय आलं?"

"पाखरू. बाळ जायच्या आधी असंच आलं होतं. इथले जुने लोक म्हणतात, हे घरात आलं की कोणी तरी जाते. आता माझी पाळी. जाऊ दे आई, मले कंटाळा आला."

 हे पाणी तापवत होते, त्यांना हाताने जवळ बोलावलं. "कुठं आहे ते? दाखव," मी कशीबशी म्हणाले.

पडद्याच्या दांडीवर चिमणीहून लहान जीव होता. जागेवर ठरत नव्हता. इकडे वळ, तिकडे वळ, आणि दर वळणाला शेपटीचा पंखा उघड-मीट.

"अगं, हे तर नाचण होय!" मी ओरडलेच. "आपल्या विहिरीवरच्या लिंबात घरटं करते, कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेलं, वाटीएवढं. लहानपणी तू तासन् तास पाहात बसायची. ही तिचीच बहीण."

"पण लोक म्हणतात..."

"त्यांच्या म्हाताऱ्यांचं त्यांना ठाऊक. मले नाचण ठाऊक आहे. ते माशांमागं फिरते. घरात माशा आहेत का?"

तिनं फोन फिरवला. मोरीत ताटांचा ढीग होता. तेवढ्यात ते पाखरू दांडीवरून सुटलं, ढिगावर गिरकी घेतली आणि चोच मिटल्याचा बारीक टक् आवाज आला.

"आई, खाल्ली माशी," ती म्हणाली.

"आता खिडकी उघड अन् ताटं घासायले घे. मी फोन ठेवत नाही."

ती ताटं घासत होती. मी बोलत होते, काय बोलले ते आठवत नाही. ह्यांनी आपल्या फोनवरून जावयाला सगळं सांगितलं. तो काम टाकून घरी पोचला, त्याचा आवाज ऐकल्यावरच मी फोन खाली ठेवला. त्याच दिवशी त्यानं तिला डॉक्टरकडे नेलं. मी बरोबर बोलले का नाही, मला आजही ठाऊक नाही. 

गोळ्या बदलल्या. काही दिवस ती बोलायची, काही दिवस फोन नुसता वाजत राहायचा. मग जावई तिला एका रानात घेऊन गेला, उंच जाळीचं कुंपण घालून पाखरं राखलेल्या. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून फोन लावला.

"आई, या देशात साप नव्हता, वाघ नव्हता, मुंगूस नव्हतं. म्हणून बरीच पाखरं उडणं विसरली. मग जहाजातून उंदीर आले, मांजरी आल्या. त्यायले पळणं माहीतच नाही. उभी राह्यतात नुसती." मग म्हणाली, "किवी पाह्यला का तू कधी? कोंबडीएवढा. पण अंडं केवढं! सगळं पोट भरून जाते. त्या मादीले खायलेसुद्धा जागा उरत नाही."

मी हूं म्हणाले. 

"आई, त्याचे केस लई दाट होते."

बाळाविषयी ती पहिल्यांदाच बोलत होती.

"अन् नाक?" मी विचारलं.

"बाबासारखं. थेट माझ्या बाबासारखं."

हे शेजारी खाटेवर बसले होते. त्यांनी दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. ती सांगत राहिली, बोटं किती लांब होती, कोणत्या कपड्यात गुंडाळलं, कुठं ठेवलं. आम्ही दोघं ऐकत राहिलो. बाजाराची गाडी दारात येऊन उभी राहिली, भोंगा वाजवून निघून गेली. वांगी त्या दिवशी घरीच राहिली.