रीटाच्या भीतीने ह्यूस्टन सोडताना

सप्टेंबर २००५. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या घराला कुलूप लावताना, परत येऊ तेव्हा हे घर जागेवर असेल का, एवढाच विचार डोक्यात होता. रीटा चक्रीवादळ थेट ह्यूस्टनवर येतंय, असं टीव्हीवर सतत सांगत होते. कत्रिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवून महिनाही झाला नव्हता. नागपूर सोडताना मी रडले होते, पण मागे राहिलेलं सगळं शाबूत राहील याची खात्री होती. आता डिकीत पासपोर्ट आणि पाण्याच्या बाटल्या, मागच्या सीटवर नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली आई, आणि स्टिअरिंगवर माझा नवरा मिलिंद.

शेजारचे वॉल्टर जाणार नव्हते. त्यांची आजी लहानपणी समुद्रकाठच्या गॅल्व्हस्टनच्या १९०० सालच्या वादळातून वाचली होती. ते म्हणाले, "त्या वादळाने बंदराचं गाव धुऊन नेलं आणि व्यापार आत, ह्यूस्टनला सरकला. लोकांना वाटलं, इथवर समुद्र येणार नाही."

मला मात्र आम्ही आलो तो २००१ चा उन्हाळा आठवला. ॲलिसन वादळाच्या पावसाने तेव्हा शहरातली मोठमोठी हॉस्पिटलं पाण्यात गेली होती. हे शहर पाण्याला घाबरून वाढलं, आणि पाणी त्याच्या मागोमाग आलं.

हायवेवर अख्खं ह्यूस्टन उभं होतं. दुपार झाली तरी आम्ही केटी या उपनगराच्या पुढे सरकलो नव्हतो. पेट्रोल वाचवायला एसी बंद केला. आईचा चेहरा लालबुंद झाला, मग घामच यायचा थांबला.

"आई, पाणी घे गं."

"रामटेक आलं का?" तिने विचारलं.

तिला आपण नागपूरजवळच्या रस्त्यावर आहोत असं वाटत होतं. मी दार उघडून मदतीसाठी हाका मारू लागले. शेजारच्या गाडीतून एक बाई उतरली. न्यू ऑर्लिन्सचं घर गमावून ती ह्यूस्टनला आली होती आणि आता दुसऱ्यांदा पळत होती. तिने कूलरमधला बर्फ टॉवेलात गुंडाळून आईच्या मानेवर ठेवला.

"वादळ अजून लांब आहे," ती म्हणाली. "हिला आत्ता थंडावा हवा. घरी न्या."

मी मिलिंदला म्हणाले, "गाडी वळव."

"वादळाच्या तोंडात?"

"वळव, मिलिंद."

पुढच्या एक्झिटला आम्ही फिरलो. परतीचा रस्ता मोकळा होता. पलीकडे अडकलेली माणसं वेड्यांकडे बघावं तशी आमच्याकडे बघत होती. मी आईचा हात धरून तिच्याशी काहीबाही बोलत राहिले. घरी एसीत ती हळूहळू सावरली. वॉल्टरनी खिडक्यांवर प्लायवूड ठोकून दिलं. बिनखिडकीच्या क्लॉझेटमध्ये, कपडे ठेवायच्या खोलीत, आम्ही तिघं एकमेकांना चिकटून बसलो.

रीटा पूर्वेला वळलं. आमच्याकडे चार फांद्या पडल्या. रस्त्यावर मात्र उन्हाने माणसं गेली होती. ती बाई कुठे पोचली, कधीच कळलं नाही.

२००८ मध्ये आइक वादळ आलं तेव्हा आम्ही निघालो नाही. रात्रभर भिंती थरथरत होत्या, मी मिलिंदचा दंड सोडला नाही. सकाळी छपराचा एक कोपरा उडालेला, लाइट गेलेले. नागपूरहून आईचा फोन आला.

"भीती नाही वाटत तिथे?"

"वाटते."

"मग या ना परत इकडे."

मिलिंद ताडपत्री घेऊन वर चढत होता, वॉल्टर खाली खिळे घेऊन उभे होते.

"आई, नंतर बोलते," मी म्हणाले, आणि शिडी धरायला गेले.