मोहरीएवढी सावली

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे चेहरे स्वच्छ केले. पुटकुळ्या, वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं आधी बारीक ब्रशने आणि पुढे माउसने. लोक त्यांना डागकाकाच म्हणत. मालकाची शिस्त अशी, की डाग असलेली मूळ प्रत मागे ठेवायची नाही. चुकून गिऱ्हाइकाच्या हाती लागली तर पंचाईत. ही शिस्त काकांच्या अंगात इतकी मुरली, की स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही त्यांनी बायकोच्या हनुवटीवरचा तीळ उडवला. काकू तेव्हा आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

काम सुटल्यावर त्यांना ग्रहांचं वेड लागलं. गच्चीवर दुर्बीण, दुर्बिणीला कॅमेरा आणि तीन जिने खाली पलंगावर काकू. काकूंचं हृदय थकलेलं, त्यांना जिने चढायची बंदी. म्हणून काका वर बघायचे आणि खाली येऊन सांगायचे. गुरूचा एखादा चंद्र त्याच्यासमोरून जाताना त्या चंद्राची सावली गुरूवर पडते. मोहरीएवढी, काळीभोर, हळूहळू सरकत जाते. त्या सावलीत तरंगत राहिलं तर भर दुपारी अंधारून येत असेल, असं ते एकदा म्हणाले. काकूंनी डोळे मिटले आणि बराच वेळ त्या तिथेच कुठेतरी फिरत राहिल्या.

आता परवावर ऑपरेशन आलं होतं. "जायच्या आधी मला ती सावली दाखवा," काकू म्हणाल्या. जायच्या म्हणजे दवाखान्यात, असं काकांनी स्वतःला दोनदा बजावलं.

आधीच्या दोन संधी ढगांनी खाल्ल्या होत्या. त्या दिवशी मात्र दिवेलागणीलाच गुरू लख्ख दिसला. चंद्र गुरूच्या कडेबाहेर पडला होता, सावली अजून मागे गुरूवरच रेंगाळत होती. काकांनी व्हिडिओ घेतला. गच्चीवरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरने त्यातली हजारो चित्रं एकावर एक रचली, तसे धूसर गोळ्यातून तांबूस पट्टे वर आले. काका हरखून गेले. डोकं गुरूपाशी तरंगत होतं, हात आपलं काम करत होते. इथे जरा उजळ, तिथे जरा साफ. मूळ व्हिडिओ सवयीनेच पुसला, प्रिंट काढली आणि ते धावत खाली आले.

काकूंनी चष्मा लावला. "सावली कुठंय?"

काकांनी वाकून पाहिलं. गुरू कसा नितळ, गोरापान. शेजारी चंद्राचा पांढरा ठिपका तेवढा उरला होता. एव्हाना वरची सावलीही गुरूवरून सरकून गेली असणार. आपणच पुसली, हे सांगताना त्यांना रडू आवरेना.

काकू धाप लागेपर्यंत हसल्या. "गुरूलाही सोडलं नाहीत." मग त्यांनी भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढायला सांगितला. "त्याच्यावर सावली पुन्हा पडेल. माझा तीळ तेवढा परत लावा."

काकांनी कित्येक वर्षांनी ब्रश बाहेर काढला. टोक ओलं केलं, फोटोवर नेलं आणि तिथेच थबकले. तीळ डाव्या बाजूला की उजव्या, हेच त्यांना आठवेना. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि काकूंच्या चेहऱ्याकडे बघत बसले.