पिवळ्या दिव्यांची रेघ

आमची गाडी सगळ्यात खालच्या मॉडेलची. बंपरमध्ये धुक्याच्या दिव्यांसाठी दोन खाचा होत्या, पण दिव्यांऐवजी त्यांवर काळी प्लॅस्टिकची झाकणं. सात वर्षं मी ती झाकणं फडक्यानं पुसली, आणि त्यांच्यामागं काय असंल हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. बंद डबा दिसला की उघडून बघितल्याशिवाय जिला चैन पडत नाही, तिला! तो प्रश्न पडला उसाच्या ट्रॉलीमुळं.

मी खुलताबादच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे आणि राहायचे संभाजीनगरात. सकाळची शाळा, म्हणून पावणेसहाला घर सोडायचं. दौलताबादपर्यंत रस्ता बरा. मग तटातली ती अरुंद वेस, एका वेळी एकच गाडी जाईल अशी, आणि पुढं घाट. हिवाळ्यात वेशीपासूनच धुकं सुरू व्हायचं. एका सकाळी त्या धुक्यात माझ्यापुढं अचानक ऊस उभा राहिला. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, काही नाही. ब्रेक लागला तेव्हा उसाचं पाचट माझ्या बॉनेटवर टेकलं होतं. ट्रॉलीवाल्याला मी खाली उतरून असं काही झाडलं की तो बिचारा "चुकलं बाई, चुकलं" म्हणत राहिला. ही हकिकत घरी सांगितली, ही मात्र माझी चूक.

घरी म्हणजे आमचे हे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नकाशे काढण्याचं काम केलं. कालव्याची रेघ कुठं किती उतरली पाहिजे हे त्यांना विचारायचं, अशी त्यांची ख्याती. मला गाडी शिकवली ती त्यांनीच. पुढं काचबिंदू निघाला, उजव्या डोळ्याची कड गेली, डाव्याची जायला लागली, आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. त्यांनी मुकाट्यानं किल्ली माझ्या पर्सच्या कप्प्यात टाकली. पण ट्रॉलीचं ऐकल्यावर मात्र ते गप्प बसले नाहीत.

"तू शहरात बदली माग."

"तीन वर्षं राहिलीत माझी नोकरीची. ती मी खुलताबादलाच काढणार."

"मी चालवत असतो तर गोष्ट वेगळी होती. एकटीनं त्या धुक्यात जायचं नाय."

आता हे "नाय" म्हणाले की ते नाय असतं. पण मीही काही कमी नाही. ती शाळा मला सोडायची नव्हती. तिथल्या पोरी वर्गातून उठून मला विचारायच्या, बाई, हे असंच कशावरून? शहरातल्या शाळेत सगळ्यांकडं गाईड असतं, विचारायचं कुणाला काही नसतं. शेवटी तोड निघाली. बदलीचा अर्ज ह्यांनी भरून ठेवायचा, माझी सही सोडून. पुढच्या आठवड्यातला शनिवार शेवटची तारीख. तोवर धुक्यात सुखरूप जाता येतंय हे दाखवलं तर अर्ज फाडायचा, नाहीतर सही करायची. छापल्यासारख्या अक्षरात त्यांनी अर्ज भरला आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकला. पाणी प्यायला गेलं की तोच दिसायचा.

मग मी धुक्याच्या मागं लागले. पिवळा दिवा का? पांढरा का नाही? कुणी म्हणायचं पिवळा उजेड धुकं फोडतो. फोडतो म्हणजे काय करतो? मी कुकरमध्ये नुसतं पाणी उकळलं, शिट्टी काढली, स्वयंपाकघराचा दिवा घालवला आणि वाफेवर बॅटरी मारली. समोर पांढरी भिंत. मग बॅटरीला आकाशकंदिलातला उरलेला पिवळा जिलेटिन पेपर लावला. पलीकडचा डबा काही जास्त दिसला नाही, पण डोळ्याला त्रास कमी झाला. मग सहज हात खाली नेला, ओट्याला टेकवून वाफेच्या खालून बॅटरी धरली, आणि अगं बाई! डब्याचं बूड लख्ख दिसलं. म्हणजे रंगाचं कौतुक आहे ते आहे, खरी गंमत उंचीची आहे. उजेड वाफेच्या खालून गेला पाहिजे.

"स्वयंपाकघर आहे का प्रयोगशाळा?" हे दारातून म्हणाले. पण आत आले. माझा हात धरून त्यांनी बॅटरी अजून बोटभर खाली केली. "रेघ पकड," म्हणाले. "उजेडाला वरची कड असते. ती कड डोक्यावर गेली नाय पाहिजे."

क्रांती चौकाजवळच्या दुकानदाराला मी इतके प्रश्न विचारले की त्यानं हातातला चहा खाली ठेवला. "मॅडम, आपको लाइट लेना है के इम्तिहान लेना है?" मी म्हटलं, दोन्ही. त्यानं पिवळ्या दिव्यांची जोडी, वायरिंग, रिले, बटण असा संच दिला आणि वर दिवसा लागणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांची भलामण केली. दिवसा दिवे लावणं म्हणजे शहाणपणाची हद्दच झाली, असं मला वाटलं. तो म्हणाला, "ये आपको दिखने के लिए नहीं है मॅडम, आप दूसरों को दिखो, इसके लिए है." त्या ट्रॉलीला अशी एक पट्टी असती तर! मी पट्ट्याही घेतल्या. तो बसवून देतो म्हणत होता, मी म्हटलं, नको, आम्ही घरी बसवू. उघडून बघायची संधी मी दुसऱ्याला देणार होते थोडीच.

शनिवार-रविवार आमचं अंगण म्हणजे गॅरेज. हे स्टुलावर बसून सांगणार, मी खाली आडवी होऊन करणार. आधी बॅटरीची काळी वायर सोडवली. चाक वळवलं, चाकामागचं काळं अस्तर थोडं सुटं केलं, आणि हात आत घातला. सात वर्षं ज्या झाकणामागं बघितलं नव्हतं तिथं आयता स्क्रूचा साचा होता! कंपनीनं सगळी तयारी करून फक्त दिवे दिले नव्हते. मेली कंजूस. मी तिथंच पडल्या पडल्या हसायला लागले, तर ह्यांना वाटलं शॉक बसला.

पट्ट्यांची वायर मी सरळ बॅटरीला लावायला निघाले होते. "मग काय, रात्रभर पेटत ठेवतीस?" म्हणून त्यांनी किल्ली फिरवल्यावरच वीज येणारी फ्यूजच्या डब्यातली जागा शोधायला लावली. बॅटरीची काळी वायर तेवढ्यापुरती परत जोडली, मी एकेका फ्यूजला टेस्टर लावायचे, किल्ली फिरवायचे, बंद करायचे. सापडली तेव्हा मी टाळी वाजवली. शेजारच्या वहिनी कंपाउंडवरून म्हणाल्या, "लॉटरी लागली का हो?"

रविवारी संध्याकाळी दिव्यांची नजर बसवायची होती. गाडी समोरच्या भिंतीपासून वीस फुटांवर उभी केली. ह्यांनी स्टूल भिंतीपाशी नेलं, टेपनं दिव्याची उंची घेतली आणि खडूनं तितक्या उंचीवर एक रेघ ओढली, तिच्याखाली चार बोटांवर दुसरी. पट्टी नाही, दोरी नाही, नुसता हात. उजेडाची कड खालच्या रेघेवर यायची. मी स्क्रू फिरवायचे, ते भिंतीला नाक लावून बघायचे. "अजून. अजून. बास! एक केस मागं." दोन्ही दिवे रेघेवर बसले. मग स्क्रू हलला तर कळावा म्हणून त्यांनी माझ्या नेलपॉलिशची खूण केली. त्या दिवशी ते जेवताना दोनदा हसले.

सोमवारी पहाटे निघाले. वेशीच्या अलीकडं धुकं गाठलं. मोठे दिवे घालवले, पिवळे लावले. उजेड गाडीच्या पायाशीच सांडत होता. जेमतेम दोन गाड्यांच्या लांबीएवढा डांबरी तुकडा पिवळा, पुढं नुसता कापूस. वेशीपाशी गाडी कडेला घेऊन मी धुकं विरेपर्यंत बसून राहिले. शाळेत पोचले तेव्हा पहिले दोन तास होऊन गेले होते, आणि माझ्या वर्गावर मोठ्या बाई उभ्या होत्या.

दुपारी घरी आले ती तणतणतच. हे दारातच उभे. "काय गं, दिसलं का?"

"काय दिसणार? दिवे जमिनीत गाडलेत तुम्ही! तुम्हालाच दिसत नाही, तर रेघ काय बघितलीत भिंतीवर?"

तोंडातून गेलं ते गेलं. ते वळले. आत गेले, फ्रिजवरचा अर्ज काढला आणि पेनासकट टेबलावर आणून ठेवला. मीही हट्टानं सही केली नाही आणि माफीही मागितली नाही. मंगळवार तसाच गेला. जेवायचे, उठायचे. अधूनमधून माझ्याकडं बघत बसायचे, एकदा हा डोळा झाकून, एकदा तो. मी बघितलं की हात खाली. मला वाटायचं, राग आलाय. येऊ दे.

पण मला एक गोष्ट सोडत नव्हती. रविवारी उजेड रेघेवर होता, हे मीही बघितलं होतं. माझे डोळे तर धड आहेत! मग तो खाली गेला कधी? मंगळवारी दिवेलागणीला मी गाडी पुन्हा त्याच जागी लावली. रेघेपासून वीतभर खाली उजेड. स्क्रू बघितला, नेलपॉलिश जागच्या जागी. चाकांत हवा बघितली, ठीक. मग काय बदललं? मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. डिकी उघडली. रिकामी. कोपऱ्यात बाजरीचे चार दाणे.

बाजरी!

शुक्रवारी माहेरून भाऊ बाजरीची दोन पोती डिकीत टाकून गेला होता. रविवारी ती उतरवू म्हणून हे मागं लागले होते, आणि मीच म्हटलं होतं, आज अवस आहे, आमच्यात नवं धान्य अवसेला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. कुकरवर प्रयोग करणारी मी! पोती डिकीत राहिली. सोमवारी पहाटे दूधवाल्याला हाक मारून ती उतरवून घेतली आणि मी निघाले. दोन पोत्यांनी गाडीचं बूड बसलेलं, नाक वर झालेलं, आणि त्या वर झालेल्या नाकाचे दिवे आम्ही रेघेवर आणलेले.

तरी खात्री करावी म्हणून मी डिकीत चढून बसले. पन्नाशीपुढची बाई, पाय बाहेर लोंबकळत, मान काढून भिंतीकडं बघतेय. उजेड हळूच वर सरकला. रेघेपर्यंत नाही पोचला, मी काही दोन पोत्यांची नाही, पण सरकला. वहिनी कंपाउंडवर होत्याच. मला बघून त्या लगबगीनं आत गेल्या.

मी आत गेले. हे खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "अहो, रेघ बरोबर होती. बाजरीनं घोळ केला. चूक माझी आहे."

मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत पुढं सरकले. मग हळूच म्हणाले, "नक्की? रेघ बरोबर होती?"

"केसभरसुद्धा इकडं तिकडं नाही."

"मला वाटलं, गेलं सगळं. न कळताच गेलं." मग म्हणाले, "दोन दिवस एकेक डोळा झाकून तुझ्याकडं बघत होतो. किती राहिलीस ते मोजत होतो."

मी त्यांच्यापुढं खाली बसले आणि रडले. शाळा, बदली, धुकं, सगळं त्या क्षणी गेलं चुलीत. इतकी वर्षं जो माणूस मला कधी उणं बोलला नाही, त्याच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर मी बोट ठेवलं होतं, तेही माझ्याच चुकीसाठी. "माझं चुकलं, लई चुकलं," एवढंच मला म्हणता आलं. ते म्हणाले, "ऊठ. उजेड आहे तोवर दिवे नीट करू." बाहेर अंधार पडला होता, तरी मी उठले. डिकी रिकामीच ठेवून मी गाडीत बसले, आणि ह्यांनी खाली वाकून स्वतः स्क्रू फिरवला. नेलपॉलिशची खूण फुटली, तिच्या शेजारी नवी केली.

बुधवारी पहाटे मी किल्ली घेतली तर हे मफलर बांधून तयार. "मी येतो. अर्ज फाडायच्या आधी एकदा बघू दे." वेशीच्या अलीकडं धुकं होतंच, सोमवारपेक्षा दाट. मोठे दिवे घालवले, पिवळे लावले. उजेड धुक्याच्या खालून सरळ पुढं गेला. रस्त्याची पांढरी कड दिसली, वेशीचा दगडी कोपरा दिसला, आणि वेशीतून समोरून येणारा सायकलवाला दिसला. तो आमच्या पट्ट्या बघून आधीच कडेला थांबला होता. मी वेस पार केली, घाटाला लागले.

"दिसतंय का?" ह्यांनी विचारलं.

"लख्ख दिसतंय. आणि तुम्हाला?"

ते काचेजवळ वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"पिवळं दिसतंय," म्हणाले. "पुढचं तू बघ."